एका आज्ञेचे एक मराठी वाक्य : संगणक रचना आणि असेंब्ली भाषा नव्याने शिकणाऱ्यांसाठी

संगणक रचना आणि असेंब्ली भाषा हा विषय कॉलेजात पुढ्यात येतो, तेव्हा विद्यार्थ्याने सी भाषेत थोडेफार प्रोग्रॅम लिहिलेले असतात, आणि बेरीज करायची म्हणजे दोन चलांच्या मध्ये अधिक चिन्ह टाकायचे एवढीच त्याची सवय असते. असेंब्लीत ते अधिक चिन्हच उरत नाही. कोणता आकडा कुठे आहे, तो कोणत्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या आकडा ठेवायच्या छोट्या जागेत, आणायचा, बेरीज झाल्यावर उत्तर कुठे राहिले आणि ते उचलून कुठे ठेवायचे, हे सगळे आपणच सांगावे लागते. मी सांगलीत हा विषय शिकवतो. तासगाव, आष्टा, जत, कवठेमहांकाळ इथून सकाळच्या एसटीने येणारी, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली अनेक मुले-मुली माझ्यासमोर बसतात, आणि पहिल्या दोन आठवड्यांतच काही जणांचा समज होतो की हा विषय पाठांतराचा आहे. ते आज्ञांचे तक्ते पाठ करू लागतात. तो मार्ग फार तर पहिल्या चाचणीपर्यंत पुरतो. ज्यांना विषय खरोखर येतो, त्यांची रीत वेगळी असते : प्रत्येक आज्ञेचे ते मनात एक पूर्ण मराठी वाक्य करतात, आणि त्या वाक्यात काय बदलले हे जसे असते, तसेच काय बदलले नाही हेही असते. पुढचे सगळे मार्गदर्शन याच रीतीचे आहे.

उदाहरणे मी ८०८५ या मायक्रोप्रोसेसरवरची घेतो. इंटेलने तो १९७६ साली आणला, म्हणजे तो बराच जुना आहे, आणि तुमच्या अभ्यासक्रमात त्याऐवजी ८०८६ किंवा आणखी नवा एखादा प्रोसेसर असू शकेल. तरीही शिकण्यासाठी ८०८५ मला उत्तम वाटतो, कारण तो संपूर्णपणे एका माणसाच्या डोक्यात मावतो. आठ बिटांचा डेटा, सोळा बिटांचा पत्ता आणि त्यामुळे ६४ किलोबाइटांची मेमरी, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी रजिस्टरे आणि पाच फ्लॅग, म्हणजे उत्तर कसे आले ते सांगणारे एकेक बिट, एवढाच त्याचा संसार आहे.

वही आधी, किट नंतर

पहिली पायरी वहीची आहे. एक आडवी वही घ्या आणि पानावर स्तंभ आखा : पत्ता, आज्ञा, मग ए, बी, सी, डी, ई, एच, एल ही रजिस्टरे, मग फ्लॅग, आणि शेवटी एक रुंद स्तंभ मराठी वाक्यासाठी. प्रत्येक आज्ञेला एक ओळ द्यायची, आणि त्या ओळीत ती आज्ञा संपल्यावर प्रत्येक रजिस्टरमध्ये काय आहे ते लिहायचे. याला ड्राय रन म्हणतात. हे काम कंटाळवाणे वाटते आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळून थेट किटवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या सरावाच्या यंत्रावर, बसतात. पण प्रॅक्टिकलच्या दोन तासांत ज्यांचे उत्तर येते, ते जवळजवळ नेहमी वहीत आधी उत्तर काढून आलेलेच असतात.

मराठी वाक्याचा आग्रह का, ते एका आज्ञेवरून दाखवतो. ‘मूव्ह ए, बी’ ही आज्ञा नवशिक्याने वाचली की तो म्हणतो, बी मधला आकडा ए मध्ये हलवला. मग बी रिकामा झाला का? नाही. बी मध्ये तो आकडा तसाच असतो. फक्त त्याची नक्कल ए मध्ये येते आणि ए मध्ये आधी जे होते ते पुसले जाते. आज्ञेच्या नावात हलवणे आहे, कृतीत नक्कल आहे. तेव्हा वहीत वाक्य असे लिहायचे : ‘बी मधल्या आकड्याची नक्कल ए मध्ये ठेव, बी तसाच राहतो, फ्लॅग बदलत नाहीत.’ हे वाक्य लिहिणारा पुढे कधी चुकत नाही. रजिस्टर कधीही रिकामे नसते, त्यात काही ना काही आकडा असतोच, हे दुसरे मोठे सत्यही त्याला याच वाक्यातून आपोआप कळते.

सोळा आण्यांचा हिशोब

दुसरी पायरी आकड्यांची. द्विमान पद्धती शाळेत कानावर पडलेली असते, पण किटवर सगळे आकडे हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, असतात. शून्य ते नऊ झाल्यावर दहासाठी ए, अकरासाठी बी, असे करत पंधरासाठी एफ येतो. हे परके वाटते, पण आपल्याकडच्या आजी-आजोबांच्या पिढीला सोळाचा हिशोब तोंडपाठ होता. १९५७ साली दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, आणि बाजारातला सगळा व्यवहार त्यातच चाले. तीन रुपये सात आणे म्हणजे किती आणे? तीन सोळे अठ्ठेचाळीस आणि सात, पंचावन्न. हेक्समध्ये ३७ म्हणजे दशमानातले ५५, हिशोब तोच. डावीकडचा अंक रुपयांचा, उजवीकडचा आण्यांचा, एवढे धरून चाललात तर दोन अंकी हेक्स संख्या चार दिवसांत तोंडी वाचता येऊ लागेल. पंधरा रुपये पंधरा आणे म्हणजे २५५ आणे, तोच एफएफ, आणि आठ बिटांत मावणारी ती सर्वांत मोठी संख्या.

हेक्स वापरण्याचे कारण सोयीचे आहे. हेक्सचा एक अंक म्हणजे नेमके चार बिट. त्यामुळे ‘३ई’ पाहिले की ००११ आणि १११० हे डोळ्यांसमोर यायला हवे. या सोळा जोड्या मात्र खरोखर पाठ कराव्या लागतात; या विषयात मी पाठांतर सांगतो ते एवढ्याच ठिकाणी.

पहिला प्रोग्रॅम, बाइट बाइट

आता किटकडे जाऊ. प्रयोगशाळेतल्या ट्रेनर किटवर हेक्स कीपॅड असते आणि वर लाल अंकांचा डिस्प्ले, ज्यातले चार अंक पत्ता दाखवतात आणि दोन अंक त्या पत्त्यावरचा डेटा. कळांची नावे किटनुसार वेगळी असतात, पण पत्ता देऊन आतला बाइट पाहणे वा बदलणे, पुढच्या पत्त्यावर जाणे आणि दिलेल्या पत्त्यापासून प्रोग्रॅम चालवणे, ही तीन कामे सगळीकडे असतात. सर्वांत आधी तुमच्या किटवर रॅम कोणत्या पत्त्यापासून सुरू होते ते विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. काही किटांवर ती २००० पासून असते, काहींवर ८००० किंवा सी००० पासून. रॉमच्या पत्त्यावर कितीही वेळा बाइट भरला तरी तो टिकत नाही, आणि आपल्या हाताची चूक समजून पोरे अर्धा तास कळा दाबत राहतात. खाली मी रॅम २००० पासून आहे असे धरले आहे.

पाच आणि सात यांची बेरीज करून उत्तर २०५० या पत्त्यावर ठेवायचे आहे.

२००० : ३ई ०५ — एमव्हीआय ए, ०५
२००२ : ०६ ०७ — एमव्हीआय बी, ०७
२००४ : ८० — ॲड बी
२००५ : ३२ ५० २० — एसटीए २०५०
२००८ : ७६ — एचएलटी

वहीतली वाक्ये अशी होतील. ‘०५ हा आकडा ए मध्ये ठेव.’ ‘०७ हा आकडा बी मध्ये ठेव.’ ‘बी मधला आकडा ए मधल्यात मिळव, उत्तर ए मध्येच राहील, बी तसाच राहील, फ्लॅग उत्तराप्रमाणे बदलतील.’ ‘ए ची नक्कल २०५० या पत्त्यावर ठेव, ए तसाच राहील.’ ‘थांब.’ पत्त्यांच्या स्तंभाकडेही नीट पाहा : २००० नंतर २००२ का आले? कारण पहिली आज्ञा दोन बाइटांची आहे. ॲड बी एका बाइटाची, एसटीए तीन बाइटांची. पत्ते स्वतः मोजत लिहिण्याची सवय आत्ताच लावून घ्या, कारण पुढे उडी मारायची आज्ञा आली की नेमका पत्ता हाताशी लागतो.

चौथ्या ओळीत थांबा. पत्ता २०५० आहे, पण मेमरीत आधी ५० आणि मग २० भरला आहे. ८०८५ मध्ये सोळा बिटांच्या पत्त्याचा खालचा बाइट आधी आणि वरचा बाइट नंतर ठेवण्याची रीत आहे. मी स्वतः शिकत असताना पहिल्याच प्रॅक्टिकलला हे उलटे भरले होते, ३२ २० ५०. किटने कसलीही तक्रार केली नाही. प्रोग्रॅम चालला आणि थांबलाही. मी २०५० उघडून पाहिले तर तिथे भलताच आकडा. मी सगळे पुसून पुन्हा भरले, पुन्हा तसेच उलटे, कारण मला ते बरोबरच वाटत होते. शेवटी सर शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, कुठलेही उत्तर पाहू नकोस, फक्त मेमरीतला एकेक बाइट मोठ्याने वाच आणि त्याचा अर्थ मराठीत सांग. ‘ए ची नक्कल ५०२० वर ठेव’ हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडले आणि मी थांबलो. त्या किटवर ५०२० ला मेमरीच नव्हती. तेव्हापासून मी प्रोग्रॅम भरून झाल्यावर तो पहिल्या पत्त्यापासून पुन्हा वाचल्याशिवाय चालवत नाही, आणि विद्यार्थ्यांनाही चालवू देत नाही. दोघांच्या जोडीत एकाने वहीतून वाचावे, दुसऱ्याने डिस्प्लेवर पाहून होकार द्यावा. शिवाय वीज गेली की रॅममधले सगळे जाते, तेव्हा वहीतली प्रत हीच खरी प्रत.

प्रोग्रॅम बरोबर चालला तर २०५० वर ०सी दिसेल, १२ नाही. दरवर्षी कोणी ना कोणी हे उत्तर चुकले असे समजून खोडते. बारा आणे म्हणजे सी, हे आठवा.

याच पाच ओळींतून यंत्राचा वेगही मोजता येतो. प्रत्येक आज्ञेला ठरावीक टी-स्टेट, म्हणजे घड्याळाचे ठोके, लागतात : एमव्हीआयला ७, ॲड बीला ४, एसटीएला १३, एचएलटीला ५. बेरीज ३६. ३ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० लाख ठोक्यांवर, हा सगळा प्रोग्रॅम १२ मायक्रोसेकंदांत संपतो. एसटीएला तेरा ठोके का, हेही सांगता यायला हवे : आज्ञेचा बाइट आणायला चार, पत्त्याचे दोन बाइट आणायला तीन-तीन, आणि डेटा लिहायला तीन. ओरलला हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर पाठ न करता मोजून सांगणारा विद्यार्थी परीक्षकाला लगेच ओळखू येतो.

फ्लॅग, आणि यंत्राला न कळणारी गोष्ट

९सी आणि ६४ यांची बेरीज वहीत करा. दशमानात १५६ आणि १००, म्हणजे २५६. आठ बिटांत २५५ च्या पुढे जागा नाही, म्हणून ए मध्ये ०० राहतो आणि कॅरी फ्लॅग १ होतो. ए शून्य झाला म्हणून झीरो फ्लॅगही १ होतो. म्हणजे दोन मोठ्या आकड्यांची बेरीज शून्य आली असे यंत्र म्हणते आहे, आणि कॅरी पाहिला नाही तर तुम्ही ते खरे मानाल. फ्लॅगचा स्तंभ वहीत का हवा, ते इथे कळते.

वजाबाकीत आणखी खोल गोष्ट आहे. पाचातून सात वजा केले तर ए मध्ये एफई येते. जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्याची कल्पना करा. सगळी शून्ये असताना तो एक घर मागे फिरवला तर सगळीकडे नऊ येतील. तसेच इथे शून्याच्या एक घर मागे एफएफ आणि दोन घरे मागे एफई. म्हणून एफई म्हणजे उणे दोन. पण एफई म्हणजे २५४ सुद्धा. यातले खरे कोणते? प्रोसेसरला ते माहीत नसते आणि त्याला त्याची गरजही नसते. तो एकच वजाबाकी करतो, उसने घ्यावे लागले म्हणून कॅरी १ करतो, सर्वांत डावा बिट १ आहे म्हणून साइन फ्लॅग १ करतो, आणि अर्थ लावायचे काम तुमच्यावर सोपवतो. चिन्हासह संख्या धरली असेल तर साइन पाहायचा, चिन्हाविना धरली असेल तर कॅरी. आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो, तो लावणाऱ्या आज्ञेत असतो, ही गोष्ट माझ्या मते या संपूर्ण विषयातली सर्वांत महत्त्वाची आहे. अगदी प्रोग्रॅमचे बाइटही तसेच : ७६ हा आकडा डेटा म्हणून वाचला तर ११८, आणि प्रोग्रॅम काउंटर, म्हणजे पुढची आज्ञा कोणत्या पत्त्यावर आहे ते धरणारे रजिस्टर, त्यावर येऊन उभा राहिला तर ‘थांब’. आज्ञा आणि डेटा एकाच मेमरीत ठेवण्याची ही कल्पना १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांच्या एडव्हॅकवरील अहवालात मांडली गेली आणि आजचे संगणकही मुळात तिच्यावरच चालतात.

लूप

तिसरी मोठी पायरी लूपची. २०५० पासून पाच आकडे ठेवले आहेत, दशमानात १०, २०, ३०, ४०, ५०. म्हणजे ०ए, १४, १ई, २८, ३२. त्यांची बेरीज २०६० वर हवी.

२००० : २१ ५० २० — एलएक्सआय एच, २०५०
२००३ : ०ई ०५ — एमव्हीआय सी, ०५
२००५ : एएफ — एक्सआरए ए
२००६ : ८६ — ॲड एम
२००७ : २३ — आयएनएक्स एच
२००८ : ०डी — डीसीआर सी
२००९ : सी२ ०६ २० — जेएनझेड २००६
२००सी : ३२ ६० २० — एसटीए २०६०
२००एफ : ७६ — एचएलटी

एच आणि एल मिळून मेमरीतल्या एका जागेकडे बोट दाखवतात, आणि एम म्हणजे ते बोट जिथे आहे तिथला आकडा. आयएनएक्स एच ते बोट एक घर पुढे नेते. सी मध्ये किती फेऱ्या उरल्या ते आहे, आणि डीसीआर सी तो आकडा एकने कमी करते. जेएनझेड म्हणजे उत्तर शून्य नसेल तर दिलेल्या पत्त्यावर उडी मार. एक्सआरए ए म्हणजे ए ची स्वतःशीच एक्सॉर. कुठलाही आकडा स्वतःशी एक्सॉर केला की शून्य, म्हणून एका बाइटात ए शून्य होतो. पाच फेऱ्यांची वहीत पाच वेळा पूर्ण नोंद करा, तिसऱ्या फेरीनंतर ‘असेच पुढे’ असे लिहू नका. उत्तर ९६ येईल, म्हणजे १५०.

लूप चुकला की चूक कुठे आहे ते बहुतेक वेळा उत्तरच सांगते, फक्त ते वाचता यायला हवे. उत्तर ३२ आले, म्हणजे फक्त शेवटचा आकडा, तर उडी २००६ ऐवजी २००५ वर पडते आहे आणि प्रत्येक फेरीला ए शून्य होतो आहे. डिस्प्ले कोरा राहिला आणि किट रिसेटशिवाय परत येईना, तर उडी २००३ वर पडत असेल आणि सी दर वेळी पुन्हा पाच होत असेल. उत्तर एका आकड्याने जास्त किंवा कमी असेल तर फेऱ्या मोजण्यात चूक आहे. अशी लक्षणांवरून चूक शोधण्याची एक यादी तुम्ही स्वतःच्या वहीच्या मागच्या पानावर करत राहा. ती दुसऱ्याची उतरवून उपयोग नाही.

एक सापळा मुद्दाम सांगतो, कारण त्याने अनेकांचे तास वाया गेले आहेत. डीसीआर सी झीरो फ्लॅग बदलते, म्हणून तिच्या मागोमाग जेएनझेड चालते. पण २५५ पेक्षा जास्त फेऱ्यांसाठी सोळा बिटांचा मोजक घेऊन बी-सी जोडी एकने कमी करणारी डीसीएक्स बी वापरली, तर ती एकही फ्लॅग बदलत नाही. बी-सी जोडी शून्यावर येते आणि पुढे जाते, पण झीरो फ्लॅगला त्याचा पत्ताच नसतो. उपाय असा की बी ची नक्कल ए मध्ये घ्यायची, तिची सी शी ऑर करायची, आणि मग जेएनझेड. वाक्यात ‘काय बदलले नाही’ हे लिहिण्याचा आग्रह मी धरतो तो अशाच ठिकाणांसाठी.

स्टॅक आणि हरिपूरचे पेव

सांगलीच्या मुलांना स्टॅक शिकवताना मला दूर जावे लागत नाही. हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे प्रसिद्ध आहेत : वर अरुंद तोंड, खाली मोठे पोट. सर्वांत आधी उतरवलेला माल तळाशी जातो आणि काढताना तो सर्वांत शेवटी हाती येतो. स्टॅक म्हणजे मेमरीतला असाच वापरायचा भाग, आणि त्याची रीत हीच. फरक एवढाच ध्यानात ठेवायचा की ८०८५ मध्ये स्टॅक मोठ्या पत्त्याकडून लहान पत्त्याकडे वाढत जातो.

सबरुटीनकडे, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणाऱ्या आज्ञांच्या वेगळ्या तुकड्याकडे, जाण्यासाठी कॉल आज्ञा असते. ती काय करते ते आकड्यांनी पाहा. स्टॅक पॉइंटर, म्हणजे स्टॅकचे टोक दाखवणारे रजिस्टर, २१०० आहे आणि २०१० या पत्त्यावर तीन बाइटांची कॉल आज्ञा आहे. परत यायचा पत्ता २०१३. यातला वरचा बाइट २० हा २०एफएफ वर जातो, खालचा बाइट १३ हा २०एफई वर, आणि स्टॅक पॉइंटर २०एफई होतो. सबरुटीनच्या शेवटी रिटर्न आज्ञा तिथले दोन बाइट उचलते आणि तेच प्रोग्रॅम काउंटरमध्ये घालते, ते कोणी ठेवले होते याची चौकशी न करता. म्हणून सबरुटीनमध्ये एक पुश केला, म्हणजे स्टॅकवर काही ठेवले, आणि ते परत काढणारा पॉप विसरलात, तर रिटर्न तुमचा डेटाच पत्ता समजून भलतीकडे जाते. जितके पुश तितके पॉप, आणि उलट्या क्रमाने, हे वहीत कंस जुळवल्यासारखे रेघा ओढून तपासा. स्टॅक पॉइंटर प्रोग्रॅमच्या सुरुवातीला स्वतः ठरवा, आणि तो प्रोग्रॅमच्या जागेपासून दूर असू द्या.

८०८६ कडे जाताना

इंटेलचा ८०८६ हा १९७८ चा, सोळा बिटांचा. रजिस्टरे मोठी होतात, गुणाकार-भागाकाराच्या आज्ञा मिळतात, आणि काम किटऐवजी बहुधा पीसीवर असेंब्लर वापरून होते, त्यामुळे ऑपकोड, म्हणजे आज्ञांचे हेक्स बाइट, हाताने भरावे लागत नाहीत. नवे असते ते सेगमेंटचे गणित. पत्त्याच्या तारा वीस आहेत, म्हणजे दहा लाखांहून थोडे अधिक बाइट, पण रजिस्टर सोळाच बिटांचे. म्हणून सेगमेंट गुणिले सोळा अधिक ऑफसेट असा पत्ता काढतात : सेगमेंटवरून मेमरीच्या तुकड्याची सुरुवात कळते, आणि ऑफसेट म्हणजे तिथून किती पुढे. सोळाने गुणणे म्हणजे हेक्समध्ये उजवीकडे एक शून्य देणे. सेगमेंट १००० आणि ऑफसेट ००५० घेतले तर १०००० अधिक ५०, म्हणजे १००५०. आता सेगमेंट ०एफएफएफ आणि ऑफसेट ००६० घ्या. उत्तर पुन्हा १००५०. एकाच घराला विश्रामबागेकडूनही जाता येते आणि गणपती मंदिराकडूनही, तसे हे आहे. स्क्रीनवर अक्षरे दाखवण्यासाठी डॉसची (हेक्समधली) २१ क्रमांकाची इंटरप्ट शिकवतात; ती तयार सेवा आहे, वापरून पुढे जा, तिच्यावर फार वेळ घालवू नका.

रचनेचा भाग

अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या अर्ध्यात पाइपलाइन आणि कॅश येतात, आणि तिथे प्रोग्रॅम लिहायचे नसल्यामुळे विद्यार्थी व्याख्या पाठ करू लागतात. इथेही आकडेच करावेत. पाइपलाइनसाठी गुऱ्हाळ आठवा. एका काहिलीतला रस उकळत असतो तेव्हा चरक थांबलेला नसतो, पुढचा ऊस त्यातून जात असतो, आणि आधीचा गूळ वाफ्यात निवत असतो. एका ढेपेला लागणारा वेळ कमी होत नाही, पण दिवसाच्या ढेपा वाढतात. आज्ञेचे पाच टप्पे केले आणि प्रत्येकाला एक ठोका धरला, तर शंभर आज्ञांना एकेक करून ५०० ठोके लागतील. पाइपलाइनमध्ये पहिलीला पाच आणि मग दर ठोक्याला एक, म्हणजे १०४. हा आदर्श हिशोब आहे. एका आज्ञेला मागच्या आज्ञेचे उत्तर हवे असेल आणि ते अजून तयार नसेल, किंवा उडीमुळे आणून ठेवलेल्या पुढच्या आज्ञा फेकून द्याव्या लागल्या, तर ठोके वाया जातात. ८०८६ मध्येही याची सुरुवात दिसते : त्यात पुढच्या आज्ञांचे सहा बाइट आधीच आणून रांगेत ठेवलेले असतात.

कॅश म्हणजे दुकानदाराच्या हाताशी असलेल्या बरण्या, आणि मुख्य मेमरी म्हणजे मागची वखार. कॅशमधून आकडा मिळायला १ नॅनोसेकंद लागतो आणि तिथे नसेल तर आणखी १०० लागतात असे धरा. शंभरातल्या ९५ वेळा कॅशमध्ये सापडला तर सरासरी ६ नॅनोसेकंद. ९९ वेळा सापडला तर २. चार टक्क्यांच्या फरकाने काम तिप्पट वेगाने होते. हे पडताळायचे असेल तर सी भाषेत एक मोठा द्विमिती ॲरे घ्या, त्याची बेरीज एकदा ओळीने आणि एकदा स्तंभाने करा, आणि दोन्हींना लागलेला वेळ मोजा. सीमध्ये ओळीतले आकडे मेमरीत शेजारी-शेजारी असतात, आणि अनेक प्रोसेसरांत कॅश एका वेळी ६४ बाइट उचलते, म्हणजे चार बाइटांचे सोळा आकडे. ओळीने गेलात तर एका खेपेत सोळा आकडे कामी येतात. स्तंभाने गेलात तर त्यातला एकच वापरून पुढच्या खेपेला जावे लागते.

स्वतःच्या लॅपटॉपवर

किट आठवड्यातून दोनच तास मिळते, पण सराव रोज हवा. ८०८५ आणि ८०८६ चे सिम्युलेटर मोफत मिळतात, आणि त्यात एकेक आज्ञा चालवून रजिस्टरे पाहता येतात. मात्र क्रम असा ठेवा की आधी वहीत ओळ लिहायची आणि मग एक आज्ञा पुढे न्यायची. आधी पडदा पाहून वही भरली तर काहीच शिकणे होत नाही. नव्या रचनेकडे वळायचे असेल तर रिस्क-फाइव्ह घ्या. ती २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत सुरू झाली, सर्वांना खुली आहे, आणि आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर तिच्यावरच उभारलेला आहे. तिच्यात ३२ रजिस्टरे असतात आणि पहिल्यात कायम शून्यच राहतो; असे एक रजिस्टर का ठेवले असेल, ते आज्ञांची यादी पाहून स्वतः शोधा.

आणि सत्र संपण्यापूर्वी एक प्रयोग करून पाहा. सी भाषेत एक ते शंभर या आकड्यांची लूपने बेरीज करून उत्तर परत देणारे चार ओळींचे फंक्शन लिहा, आणि कंपायलरला प्रोग्रॅम न बनवता फक्त असेंब्ली काढून द्यायला सांगा. आधी कोणतीही सुधारणा न करता काढलेली असेंब्ली वाचा : मोजक वाढवणे, तुलना आणि उडी तिथे सापडतील, किटवर लिहिलेल्या लूपचीच ती भावंडे. मग क्लँग कंपायलरला दुसऱ्या पातळीवरची सुधारणा करायला सांगून पुन्हा काढा. लूप नाहीसा झालेला दिसेल. ५०५० हा आकडा थेट रजिस्टरमध्ये ठेवणारी एक आज्ञा आणि मागोमाग रिटर्न. आता शंभरच्या जागी फंक्शनला मिळणारा आकडा वापरा आणि तिसऱ्यांदा पाहा. लूप तरीही परत येत नाही. त्याच्या जागी एक गुणाकार असतो, आणि गुणाकाराचे उत्तर अर्धे करण्यासाठी सगळे बिट एक घर उजवीकडे सरकवणारी आज्ञा. वही उघडा, त्या प्रत्येक आज्ञेचे मराठी वाक्य लिहा, आणि शाळेत शिकलेले कोणते सूत्र कंपायलरने तुमच्या लूपच्या जागी बसवले आहे ते त्या वाक्यांतून ओळखा.